दहा किलोंचा हिशेब: वेगवान गाडीतली हलकी बॅटरी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली असून पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. फळ्यावर मांडलेली गणिते मजकुरात घेतली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)

सुरुवात एका बंद पडलेल्या गाडीपासून करतो.

माझा एक मित्र आहे. हौशी माणूस. वर्षातून दोन-तीनदा आपली गाडी रेसट्रॅकवर नेतो, घड्याळ लावून चकरा मारतो, आणि उरलेलं वर्षभर गाडीतून अजून काय काढता येईल याचा विचार करतो. मागची सीट काढून झाली, स्टेपनी काढून झाली. मग पाळी आली बॅटरीची. शिशाची जुनी बॅटरी होती सोळा किलोंची. तिच्या जागी त्याने सहा किलोंची लिथियम बॅटरी बसवली. जुन्या बॅटरीवर आकडा होता ६०, नवीच्या खोक्यावरही ६०च. म्हणजे ताकद तेवढीच आणि वजन दहा किलोंनी कमी. स्वारी खूश.

त्यानंतर तो तीन आठवडे परदेशी, लेकीकडे गेला. परत येऊन बघतो तर बेसमेंटमध्ये गाडी निपचित. रिमोट चालेना. किल्लीने दार उघडून सेल्फ मारला, तर साधा टक् असा आवाजही नाही. मला फोन आला, "अरे, फसवलं रे मला. बॅटरी खराब दिली."

बॅटरी खराब नव्हती, मंडळी. ती जेवढं करणं शक्य होतं तेवढं करून थांबली होती. घोळ होता तो ६० या आकड्यात. तो आकडा नीट वाचायचा कसा, आणि दहा किलो कमी करताना आपण त्या बदल्यात काय देऊन बसतो, हे आज बघायचं आहे.

बॅटरी इतकी जड का असते?

गाडीतल्या नेहमीच्या बॅटरीचं मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांच्या १८५९ सालच्या शोधात आहे. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि दोन्ही सल्फ्युरिक आम्लात. अशा एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा कप्पे ओळीने जोडले की १२.६. दीडशे वर्षांत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण गाभा तोच राहिला. आणि शिसं म्हणजे पाण्याच्या अकरा पट जड धातू.

पण मुळात एवढं शिसं लागतं कशाला? एक सोपं गणित करू. सेल्फ मारताना मोटर, समजा, २०० अँपिअर प्रवाह खेचते आणि इंजिन दोन सेकंदांत सुरू होतं. २०० गुणिले २, म्हणजे ४०० अँपिअर-सेकंद. तासात सेकंद ३६००. भागाकार केला की येतात ०.११ अँपिअर-तास. दुकानात ज्याला आपण एएच म्हणतो, ते हे.

आता बघा. बॅटरीत साठा ६० अँपिअर-तासांचा, आणि गाडी सुरू करायला लागला फक्त ०.११. मग बाकीचे कशासाठी?

पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणा. रांजणात पाणी किती मावतं ही एक गोष्ट, आणि तोटीतून एका वेळी किती पडतं ही दुसरी. सेल्फला थोडंच पाणी हवं असतं, पण एकदम, धबधब्यासारखं. शिशाच्या बॅटरीची अडचण अशी की मोठी तोटी हवी असेल तर रांजणही मोठाच घ्यावा लागतो. पट्ट्यांचं क्षेत्रफळ वाढवल्याशिवाय मोठा प्रवाह मिळत नाही, आणि क्षेत्रफळ वाढवलं की शिसं वाढतं. शिवाय हा रांजण तळापर्यंत रिकामा करायचा नसतो. वारंवार पूर्ण उतरवली तर शिशाची बॅटरी लवकर मरते. त्यामुळे साठ्याचा बराच भाग नुसता सोबतीला असतो.

लिथियमची बॅटरी म्हणजे लहान घागर, पण तोटी रुंद. गाडी सुरू करण्यासाठी ज्या हलक्या बॅटऱ्या मिळतात, त्या बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात. या पदार्थावरचा मूळ शोधनिबंध जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. हेच गुडइनफ पुढे २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. याचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा. चार सेल जोडले की १२.८. आपल्या १२ व्होल्टच्या गाडीला हा मेळ छान जमतो.

खोक्यावरच्या ६० चा अर्थ

आता एक खरं उदाहरण घेऊ. पोर्शे कंपनीने २००९ च्या अखेरीस जाहीर केलं की ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांना लिथियमची स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून मिळेल. वजन सहा किलोंपेक्षा कमी, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंनी हलकी. जर्मनीतली तेव्हाची किंमत १,९०४ युरो. आणि हिची नोंदलेली क्षमता? १८ अँपिअर-तास. साठ नव्हे, अठरा.

कंपनीने हे लपवलं नाही. तिचं म्हणणं असं की शिशाच्या बॅटरीतला प्रत्यक्ष वापरता येणारा भाग साधारण ३० टक्केच असतो. ६० चे ३० टक्के किती? अठरा. लिथियमचे मात्र जवळजवळ सगळे अठरा वापरता येतात. म्हणून ही बॅटरी ६० च्या तोडीची.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हलक्या बॅटऱ्यांवर जो आकडा ठळक छापलेला असतो, तो हा असा "तोडीचा" आकडा असतो. खरी क्षमता बारीक अक्षरात, आणि कधीकधी फक्त वॉट-तासांत दिलेली असते. तिथे १२.८ ने भागायचं. २३० वॉट-तास लिहिले असतील तर खरे अँपिअर-तास अठरा.

यातून एक गोष्ट निघते, ती मला स्वतःला पहिल्यांदा गणित केलं तेव्हा चमत्कारिक वाटली होती. शिशाची बॅटरी: ६० गुणिले १२, म्हणजे ७२० वॉट-तास. भागिले १६ किलो. किलोमागे ४५. लिथियमची: २३० भागिले ६. किलोमागे ३८. म्हणजे कागदावरच्या साठ्याचा विचार केला, तर किलोमागे लिथियम इथे पुढे नाहीच! दहा किलो कमी झाले याचं मुख्य कारण, आपण ऊर्जाच कमी बरोबर घेतली. लिथियमचा खरा गुण हा की एवढ्याशा घागरीतूनही ती सेल्फला हवा तेवढा प्रवाह देते, आणि तळापर्यंत देते.

दहा किलोंनी मिळतं काय?

त्या वेळची ९११ जीटी३ आरएस घेऊ. वजन १,३७० किलो, ताकद ४५० अश्वशक्ती. दहा किलो म्हणजे वजनाच्या ०.७ टक्के. एका अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण तीन किलो येतात, म्हणून दहा किलो कमी करणं हे सव्वातीन अश्वशक्ती वाढवण्यासारखं झालं. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला गाडीला चार सेकंद लागतात. त्यातले वाचतील सुमारे ०.०३ सेकंद. पापणी लवायलाही याच्या तीन-चार पट वेळ लागतो.

मग लोक हसतात, म्हणतात एवढ्यासाठी दोन हजार युरो? पण जरा थांबा. कमी झालेलं वजन फक्त वेग घेतानाच उपयोगी पडतं असं नाही. प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वळणाला ते उपयोगी पडतं, टायर तेवढे कमी झिजतात. शिवाय असे दहा-दहा किलो पाच ठिकाणांहून काढले की पन्नास होतात. रेसिंगवाले असंच मोजतात.

वजन किती काढलं याबरोबर ते कुठून काढलं हेही बघावं लागतं. पुढे इंजिन, बॅटरीही पुढे, अशी गाडी असेल तर नाकाचा भार हलका झाला, हा फायदाच. ९११ चं उलट आहे. तिचं इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत. म्हणजे आधीच हलकं असलेलं पुढचं टोक आणखी हलकं होतं. फरक थोडा, पण दिशा उलटी.

आणि जातं काय?

आता बेसमेंटमधल्या गाडीकडे परत येऊ. बंद गाडीसुद्धा थोडी वीज पीत असते. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटरची मेमरी. हा प्रवाह ५० मिलीअँपिअर धरू, म्हणजे ०.०५ अँपिअर. अठराला ०.०५ ने भागा. ३६० तास. पंधरा दिवस! मित्र गेला होता एकवीस दिवस. जुनी बॅटरी असती तर एकवीस दिवसांत २५ अँपिअर-तास गेले असते, ३५ उरले असते, आणि गाडी बहुधा पहिल्या सेल्फला सुरू झाली असती. सोबतीला वाटणारं ते शिसं नेमकं अशा वेळी कामाला येतं.

मित्राचं नशीब चांगलं. बॅटरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सने सेल पूर्ण उतरायच्या आत स्वतःच पुरवठा तोडला होता. योग्य चार्जर लावल्यावर ती उठली.

दुसरी गोष्ट थंडीची. शून्याखाली लिथियमच्या सेलमधली हालचाल मंदावते आणि सेल्फला जोर मिळत नाही. पोर्शेने म्हणूनच या बॅटरीबरोबर नेहमीची शिशाची बॅटरीही ग्राहकाला दिली. हिवाळ्यात ती लावा म्हणून. याहून गंभीर म्हणजे शून्याखाली चार्जिंग. तेव्हा लिथियम आत नीट मुरत नाही, धातू होऊन पृष्ठभागावर साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. मुंबई-पुण्याला ही भीती नाही. आपल्याकडे प्रश्न उन्हाळ्याचा. बॉनेटखाली, इंजिनाला खेटून कोणतीही बॅटरी लवकर म्हातारी होते. शिशाची होते, लिथियमचीही होते. बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर निम्मी काळजी मिटली.

तिसरी गोष्ट चार्जिंगची. अल्टरनेटर १४ ते १४.४ व्होल्टवर चालत असेल तर चार सेलना ते मानवतं. पण काही नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर शिशाची बॅटरी गृहीत धरून हे व्होल्टेज वरखाली करतो. तिथे आधी मोजून बघायचं, मग खरेदी. आणि गॅरेजमध्ये जुनी बॅटरी जिवंत करण्याचा जो चार्जर असतो, १५-१६ व्होल्टचे झटके देणारा, तो लिथियमला कधीही लावू द्यायचा नाही. हे मेकॅनिकला आपण सांगितलं पाहिजे. बाहेरून डबा तसाच दिसतो, त्याला कसं कळणार?

शेवटचं, बसवणं. हलकी बॅटरी बहुधा बुटकी असते, मग मूळची पट्टी तिला घट्ट धरत नाही. काही जण खाली फोम घालून वेळ मारून नेतात. असं करू नका. अपघाताच्या धक्क्यात वस्तूचं वजन क्षणभर वीस पट झालं असं धरलं, तरी सहा किलोंचे १२० होतात. सुटलेली बॅटरी बॉनेटच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट सर्किट. आयर्न फॉस्फेट इतर लिथियमपेक्षा स्वभावाने शांत आहे हे खरं, पण आतलं द्रावण पेटतं. धातूची नीट बसणारी पट्टी आणि धन टोकावर रबरी टोपी, यात कंजुषी नको.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझी रोजची साधी गाडी आहे. बसवू का?*

नको. दहा किलो म्हणजे साधारण तेरा लिटर पेट्रोल. टाकी अर्धी भरली की तेवढाच फरक पडतो, आणि तो तुम्हाला कधी जाणवला नसेल. मायलेजमध्येही दिसणार नाही.

*मधला काही मार्ग?*

आहे की. लहान आकाराची, सीलबंद एजीएम बॅटरी. तीही शिशाचीच, पण आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं. माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये कारखान्यातूनच अशी लहान बॅटरी डिकीत बसवलेली असायची. काही किलो कमी होतात आणि स्वभाव ओळखीचा राहतो.

*मग तुमच्या मित्राने पुढे काय केलं?*

लिथियम ठेवली. पण बेसमेंटमध्ये चार्जरसाठी एक प्लग घेतला, आणि गावाला जाताना बॅटरीचं एक टोक सोडून ठेवतो. गाडी ट्रॅकची आहे, त्याला परवडतं. त्याची चूक बॅटरी घेण्यात नव्हतीच. दहा किलो फुकट मिळाले असं समजण्यात होती. आपण गाडीतून साठा काढला, तर त्याची काळजी आपल्याला वाहावी लागते. ती वाहायची तयारी असेल तर जरूर बसवा.