क्रौंचांच्या खोऱ्याकडे

मित्रांनी मिळून परदेशी जाण्याचे बेत बहुधा चहाबरोबर जन्मतात आणि चहाबरोबरच निवतात. आमचा मात्र टिकला आहे. एक डॉक्टर, एक वकील, एक बँकवाले आणि मराठी शिकवणारा मी, असे आम्ही चौघे लक्ष्मीपूजन आटोपले की भूतानला निघणार आहोत, आणि तेही पक्षी पाहायला! घरच्या मंडळींना हे पटवणे हाच पहिला घाट होता.

वकीलसाहेबांचा हट्ट केनियाचा. विल्डबीस्टचे कळप मारा नदीत उड्या घेतात ते त्यांना पाहायचे होते. परंतु तो सोहळा साधारण जुलै ते ऑक्टोबरमधला. आमची सुट्टी लागेपर्यंत कळप सेरेंगेटीकडे परतू लागतात. जनावरे काही विद्यापीठाचे वेळापत्रक पाहून चालत नाहीत. भूतानच्या फोब्जिखा खोऱ्यात मात्र काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून उतरतात तेच मुळी ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि थंडी सरेपर्यंत राहतात. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच हा पक्षी दिवसा दलदलीत आणि शेतांत चरतो, रात्री उथळ पाण्यात उभा राहून झोपतो. तारांना अडकून तो मरू नये म्हणून त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. आपल्याकडे पाहुण्यासाठी एवढे कोण करतो? दर वर्षी 11 नोव्हेंबरला गांगतेच्या मठात क्रौंचांचा उत्सवही भरतो.

हिशेब बँकवाल्यांकडे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, आधार कार्ड चालत नाही. शिवाय माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क. चौघांचे सहा रात्रींचे 28,800 झाले. वकीलसाहेब कुरकुरले. पण ज्या देशाने किमान 60 टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे आपल्या राज्यघटनेतच लिहून ठेवले आहे, त्याला एवढे देताना माझा तरी हात आखडत नाही.

खरी अडचण पैशाची नव्हेच. बँकवाल्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, आणि फोब्जिखा सुमारे 3,000 मीटर उंचीवर! "अरे, तुम्ही तिघे जाऊन या, मी फोटो पाहीन," असे ते हसत म्हणाले. कोणीच हसले नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मागे राहण्याची गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच काढली होती.

डॉक्टरांनी ना 'हो' म्हटले, ना 'नाही'. त्यांनी नकाशा पुढे ओढला. बागडोगऱ्याहून फुन्शोलिंग, मग 2,300 मीटरवरच्या थिंफूत दोन रात्री. तिसऱ्या दिवशी दोचुला खिंड ओलांडून खाली पुनाखाला मुक्काम, कारण ते 1,300 मीटरच्या आतबाहेर आहे. त्यानंतर फोब्जिखा, तेही डोंगर न चढता, खोऱ्यातल्या सपाट वाटेने. दम लागला किंवा छातीत काही वाटले, की चौघेही त्याच गाडीने खाली यायचे; पक्षी दिसोत वा न दिसोत. यावर मतदान झाले नाही. वकीलसाहेबांनीही हरकत घेतली नाही, हे विशेष!

आता हृदयरोगतज्ज्ञांकडची तपासणी सोमवारी आहे. तिचा अहवाल पाहिल्याशिवाय तिकिटे काढायची नाहीत असे ठरले आहे. दुर्बिणी मात्र दोन जमल्या आहेत, आणि बँकवाले कालच लोकरीची कानटोपी घेऊन आले.