घराण्याचा फेरफार
(‘कागदातलं घराणं’ : भाग 6)

मार्चमधली गोष्ट. पहाटे सहाला उठून चहाचं आधण ठेवलं, फोन उघडला, तर आमच्या पणजोबांना दोन वडील, दोन बायका आणि अकरा मुलं झालेली.

झालं होतं एवढंच. पणजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ, दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलेलं. आमच्या कोकणात हे घरोघरी. जन्मसालंही लागोपाठची. आम्ही भाऊबंद मिळून ज्या संकेतस्थळावर वंशावळ भरतो, त्याला वाटलं की एकच माणूस दोनदा भरला गेलाय. त्यानं विचारलं, एकत्र करू का? न्यू जर्सीतल्या पुतण्यानं जेवून उठल्यावर ‘हो’ दाबलं. त्याची रात्र म्हणजे भाईंदरची पहाट. त्याला अडवायला जागं कोण असणार?

देवरुखच्या आत्याला फोन लावला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, “अरे मेल्यांनो, चुलत जावांना सवती केलंत की!”

ते निस्तरायला तीन रविवार गेले. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लांबलांब बसून एकच वंशावळ लिहिताना कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न दुय्यम आहे. नोंद कोणी करायची, कोणी तपासायची आणि जुनी नोंद पुसायची की ठेवायची, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी अमेरिकेकडे बघायची गरज नाही. आपल्या तलाठ्याकडे बघा.

सातबारावर नाव बदलतं कसं, ते आठवा. वारसाचा अर्ज येतो. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो, तिला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते. आता ‘आपली चावडी’वर घरबसल्याही दिसते. हरकतीला पंधरा दिवस. कोणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातबारावर चढते. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं: जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातलं नाव वाचता येतं, शेजारच्या क्रमांकावरून ते का गेलं हे शोधता येतं. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही यातली खरी मेख.

आम्ही तेच उचललं. पुतण्या तलाठी, आत्या मंडळ अधिकारी. ती 81 वर्षांची, तिला संगणक येत नाही, आणि ते बरंच आहे. नोंद व्हॉट्सॲपवर पडते, पंधरा दिवस राहते, मग आत्या फोनवर ‘हूं’ म्हणते. त्या ‘हूं’ची तारीखही आम्ही लिहून ठेवतो.

भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्याला याचा आणखी एक नमुना बसच्या अंतरावर आहे. स्टेशनवरून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत आपण ख्रिस्ती कोळ्यांच्या आणि ईस्ट इंडियन कुटुंबांच्या गावांत पोचतो. यांची वंशावळ चर्चच्या वहीत असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाबरोबर आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांची नावं येतात. पुढे तेच मूल मोठं होऊन दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये लग्न करतं, तेव्हा तिथून मूळ गावी कळवलं जातं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, लग्नाची टीप पडते. ही शिस्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये आहे. दोन गावं, दोन पाद्री, मध्ये टपाल, तरी नोंद एकाच माणसाच्या नावापुढे. इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चाललेलं हे दूरस्थ सहकार्यच.

आता थोडं यंत्राचं. वंशावळीची फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठी ‘जेडकॉम’ नावाची पद्धत आहे. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं ती 1984 साली आणली. पण ही फाइल ईमेलनं इकडून तिकडे पाठवणं म्हणजे एकत्र काम करणं नव्हे. तुम्ही तुमच्या प्रतीत चार नावं घालता, चुलतभाऊ त्याच्या प्रतीत सहा, आणि दोन्ही प्रती जोडल्या की आजोबा दोन होतात. म्हणून प्रत एकच हवी, सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं. ‘फॅमिलीसर्च’वर साऱ्या जगाचं मिळून एकच झाड आहे, दिवंगतांच्या नोंदीला कोणीही हात लावू शकतो, जिवंत माणसाची नोंद मात्र भरणाऱ्यापुरतीच राहते. परक्यांचा हात नको असेल तर ‘ग्रॅम्प्स’ हा मोफत, खुला प्रोग्रॅम आहे, त्याची वेबवर चालणारी आवृत्तीही आहे. घरात कोणी संगणकवाला असेल तर ती आपल्याच सर्व्हरवर बसवता येते.

कुठलंही घ्या, आपल्या घरांतल्या दोन अडचणी त्यात येणारच.

पहिली बायकांच्या नावाची. माहेरची यमू सासरी राधाबाई होते, आडनावही बदलतं. माहेरचे लोक यमू भरतात, सासरचे राधाबाई, आणि एकाच बाईच्या दोन बाया होतात. पुतण्यानं केलं त्याच्या बरोबर उलट. आम्ही मूळ नाव माहेरचं धरतो आणि सासरचं पर्यायी नावाच्या रकान्यात टाकतो. काकांना हे रुचलेलं नाही. त्यांची हरकत नोंदवून घेतली आहे.

दुसरी तारखांची. जुन्या माणसांच्या मृत्यूची तारीख नसते, तिथी असते, कारण श्राद्ध तिथीला. शके सालात 78 मिळवले की इसवी सन, हे शाळेतलं गणित चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतं. जानेवारी उजाडला की गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. शके 1849 ची पौष वद्य पंचमी 1927 मध्ये नाही, 1928 च्या जानेवारीत पडते. म्हणून आधी कागदावरची तिथी जशीच्या तशी उतरवा, इंग्रजी तारीख तिच्याखाली लिहा. गणित चुकलं तर मूळ आधार हाताशी राहतो.

आधारांची आता वाण नाही. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावचे मोडी कागद फडताळातून बाहेर आले. कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची गाव नमुना 14 ची वही, हा शब्द शहरातल्या पोरांनाही ठाऊक झाला. वारसांसाठी गाव नमुना सहा-क आहे. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर आलेत. पण कागदाचा फोटो नुसता ग्रुपवर टाकू नका. शुभप्रभातच्या फुलांखाली तो तासाभरात गाडला जातो. ज्या माणसाचा कागद, त्याच्याच नोंदीला तो जोडा.

आमची एक नोंद सध्या मुदतीत आहे. पणजोबांच्या धाकट्या बहिणीचं सासर राजापूर की लांजा, हे ठरायचंय. मुदत येत्या रविवारी संपते. भाऊबंदांपैकी कोणी हे वाचत असेल आणि हरकत असेल, तर मला मेसेज करू नका. थेट आत्याला फोन लावा, दुपारी चारनंतर.