दास्यवाचक शब्द आणि जनवाचक नामे

वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू. बहामनी फौजेच्या एका स्वारीत तो बालपणीच पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जहान याच्या पदरी वाढला. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्ती पकडणारा गंडभेरुंड कोरलेला आहे. त्यात त्याच्या मूळ भूमीची आठवण पाहण्याचा मोह अभ्यासकांस होतो, आणि तो अगदीच अनाठायी नव्हे.

अशा रीतीने पकडून पदरी वाढविलेल्या मुलास फार्सी दरबारी परिभाषेत 'गुलाम' म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ 'मुलगा' असा आहे; 'सेवक' व 'दास' हे अर्थ मागाहून आले. मराठीत लाडाने रागावताना लहान मुलास 'गुलाम' म्हणतात, तेव्हा शब्द नकळत आपल्या मूळ घरी जाऊन येतो! मराठीतील 'गुलामगिरी' हा शब्द जोतीराव फुले यांच्या १८७३ मधील ग्रंथाचे शीर्षक झाला, आणि तो ग्रंथ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केलेला आहे.

दास्यवाचक शब्दांचा दुसरा उगम मात्र लोकसमूहांच्या नावांत आहे. इंग्रजी 'स्लेव्ह' हा मध्ययुगीन लॅटिन 'स्क्लावुस'पासून, व तो ग्रीकमार्गे स्लाव लोकांच्या स्वतःच्या नावापासून आला. 'स्ल' हे आद्य जोडाक्षर ग्रीकांस अपरिचित असल्याने मध्ये 'क' शिरला. अरबांना शब्दारंभी जोडाक्षरच चालत नाही, म्हणून त्यांनी 'सक्लब' असे रूप केले. वऱ्हाडातील खेडूत 'स्कूल'चे 'इस्कूल' करतो, त्याच जातीची ही प्रक्रिया होय. दहाव्या शतकात जर्मन राजांच्या पूर्वेकडील युद्धांत स्लाव बंदिवान मोठ्या संख्येने बाजारात आले आणि प्राग, व्हर्दँ, व्हेनिस या मार्गांनी अंदलुसियापर्यंत विकले गेले. लोकनाम हे मालाचे नाव बनले ते यामुळे. स्लावांचे स्वनाम बहुधा 'स्लोवो', म्हणजे शब्द, याच्याशी संबद्ध असून 'स्लोवो' हा संस्कृत 'श्रवस्'चा सगोत्र आहे. सारांश, ज्यांनी स्वतःस 'बोलणारे' म्हटले, त्यांच्या नावाने पश्चिम युरोपने मुक्या मालाची नोंद केली. ऋग्वेदातील 'दास' हाही आधी शत्रुजनांचा वाचक असून पुढे सेवकवाचक झाला. जुन्या इंग्रजीत 'वेल्श' लोकांच्या नावाचीही हीच गत झाली.

या पार्श्वभूमीवर मराठी कागदपत्रांतील 'कुणबीण' या शब्दाकडे पाहावे. पेशवेकालीन दप्तरांत हा शब्द वारंवार येतो आणि तेथे त्याचा अर्थ 'दासी' असा असतो. कुणब्याची स्त्री असा नव्हे. अशा स्त्रियांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात, आणि त्या निरनिराळ्या जातींच्या असत. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. जेथे कुणबी समाज बहुसंख्य आहे, त्या अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने जुना कागद वाचताना येथे विशेष सावध राहिले पाहिजे; अन्यथा एका कष्टाळू शेतकरी जातीवर तिने कधी न भोगलेली स्थिती लादली जाईल, आणि ज्या अनाम स्त्रिया खरोखर विकल्या गेल्या त्या मात्र नोंदीतून नाहीशा होतील. दुसरे नुकसान अधिक मोठे.

'कुणबी' हा 'कुटुंबिन्'पासून आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. मग 'कुणबीण' हे 'स्लाव'प्रमाणे समूहनामाचे अर्थांतर मानावे, की घराशी जखडलेली स्त्री हा अर्थ 'कुटुंब' या घटकातूनच निघाला असे समजावे? लॅटिन 'फामिलिया' म्हणजे प्रथम घरातील दासवर्गच होता, हे ध्यानी घेता दुसरा पर्याय सहज टाकून देता येत नाही. तथापि पुल्लिंगी 'कुणबी'स दासाचा अर्थ चिकटला नाही, केवळ स्त्रीलिंगी रूपासच तो चिकटला. पुरुष दासासाठी 'गुलाम' हा आयात शब्द तयार होता. घरकामाच्या दासीसाठी देशी 'बटीक' व 'कुणबीण' हेच राबले. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने दास्याची कायदेशीर मान्यता गेली. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होते. ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले १८५३ मध्ये.