स्वगत, जनांतिक, नेपथ्य… नाटकाच्या अभ्यासातील हे शब्द नेमके काय सांगतात?

शीळफाटा : शीळफाट्यावरून एक रस्ता कल्याण-डोंबिवलीकडे जातो, दुसरा मुंब्र्यामार्गे ठाण्याकडे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन. दोन्ही नाट्यगृहांना नाटककारांची नावे आहेत. मात्र नाटक अभ्यासाला लागले की अनेक विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि प्रत्यक्ष नाटकात ती गोष्ट ओळखताना अडखळतात. म्हणून गडकरींच्या ‘एकच प्याला’च्या आधारे काही शब्द समजून घेऊ.

अंक आणि प्रवेश
अंक हा नाटकाचा मोठा भाग, तर प्रवेश हा त्यातला छोटा प्रसंग. ‘एकच प्याला’ पाच अंकी आहे. आजची बहुतेक व्यावसायिक नाटके दोन अंकी असतात.

स्वगत आणि जनांतिक
पात्र स्वतःशीच बोलते ते स्वगत. प्रेक्षकांना ते ऐकू येते, इतर पात्रांना नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) अप्पा बेलवलकरांची स्वगते प्रसिद्ध आहेत. दोन पात्रे रंगमंचावरील इतरांना ऐकू जाऊ न देता आपसात बोलतात, ते जनांतिक.

नेपथ्य
आज याचा अर्थ रंगमंचावरची सजावट. संस्कृत नाटकात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नट सजतात ती जागा. म्हणून जुन्या संहितेत ‘नेपथ्यात’ आवाज झाला असे लिहिले असेल, तर तो पडद्यामागून आला असे समजावे.

नाट्यात्म उपरोध
जे पात्राला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते, तेव्हा हा उपरोध साधतो. तळीराम पहिला पेला पुढे करतो, तेव्हा हुशार वकील सुधाकरला वाटते, एकाने काय होते? नाटकाचे नाव वाचून आलेल्या प्रेक्षकाला मात्र पुढचे दिसत असते.

शोकात्मिका
शेवट दुःखद असला की नाटक शोकात्मिका ठरते, हा नेहमीचा गैरसमज. अपघाताने कोसळलेले दुःख पुरेसे नसते. ॲरिस्टॉटलच्या मते, नायकाच्या हातून घडलेली चूकच त्याला विनाशाकडे नेते. सुधाकरला अपमान सोसवत नाही, म्हणून तो दारूला जवळ करतो. त्यात मूल जाते, पत्नी सिंधू जाते. त्याला सारे उमगते, पण तोवर परतीची वाट उरलेली नसते.

मग तळीरामाचे विनोद कशाला?
तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर प्रेक्षक खळखळून हसतो. पण ज्या दारूवर तो हसला, तिनेच सिंधूचा संसार मोडतो. त्यामुळे ते हसू नंतर बोचते.

उत्तर लिहिताना
व्याख्या एका वाक्यात संपवा. मग प्रसंग सांगा आणि त्याने प्रेक्षकावर काय परिणाम होतो ते लिहा. परीक्षा नसली तरी तिसरी घंटा झाल्यावर एवढेच पाहा : या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही? निम्मे नाटक तिथेच उलगडते.