उरलेली 87 मिनिटं

फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम स्ट्रायकरचा पिच्छा कधी सोडत नाही. पास सुटण्याच्या क्षणी तो शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे सापडला, की त्याने केलेला गोल रद्द. पण याच नियमात एक सूट आहे. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि तो हाताने आत फेकला, तर त्या फेकीवर ऑफसाइड लागत नाही. कुणीही कुठेही उभं राहावं, अगदी गोलकीपरच्या नाकासमोरसुद्धा!

29 ऑगस्ट 2025 रोजी ताजिकिस्तानातल्या हिसोर इथे भारताने या सुटीचं सोनं केलं. मोहम्मद उवैसने रेषेवरून चेंडू असा लांब फेकला की तो थेट गोलसमोरच्या गर्दीत पडला, आणि अन्वर अलीने डोक्याने तो जाळ्यात धाडला. सामना सुरू होऊन अजून पाचच मिनिटं झाली होती. मग तेराव्या मिनिटाला संदेश झिंगनने दुसरा गोल केला. गोल करणारे दोघेही बचावपटू! पुढे गोलकीपर गुरप्रीतने पेनल्टी अडवली आणि क्रमवारीत आपल्या बऱ्याच वर असलेल्या ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर भारताने 2-1 असं हरवलं.

या संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांची नेमणूक होऊन तेव्हा जेमतेम चार आठवडे झाले होते. दिल्लीतल्या द्वारका उपनगरात, सेक्टर 19 मध्ये, ‘फुटबॉल हाऊस’ आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं हे मुख्यालय. देशाच्या संघाला प्रशिक्षक हवा म्हणून महासंघाकडे 170 अर्ज आले होते. एकेकाळी प्रतिस्पर्ध्यांची झोप उडवणारे स्ट्रायकर आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने त्यांतून तीन नावं निवडली. त्यांत भारताचे माजी प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, स्लोव्हाकियाचे श्तेफान तारकोविच होते आणि मुंबईचे खालिद जमील होते. 1 ऑगस्टला जमील यांचं नाव जाहीर झालं. गोव्याचे साव्हियो मदेरा यांच्यानंतर तब्बल 13 वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं.

पण प्रशिक्षक नेमकं करतो काय? तो चेंडूला पाय लावत नाही, शिट्टी वाजल्यावर आखलेल्या चौकोनाबाहेर पाऊल टाकत नाही. तरीही प्रशिक्षक बदलला की तेच अकरा जण वेगळे खेळू लागतात. मला या खेळातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

याचं उत्तर एका साध्या गणितात दडलेलं आहे. सामना 90 मिनिटांचा असला तरी थ्रो, फ्री किक, दुखापती यांतला वेळ वजा केला तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटं. तो वेळ 22 जणांत वाटा. एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत! उरलेली 87 मिनिटं जगातला सर्वोत्तम खेळाडूही चेंडूशिवायच मैदानावर असतो. कुठे उभं राहायचं, कधी धावायचं, कुणाची वाट अडवायची, हे सगळं त्या 87 मिनिटांत ठरतं. प्रशिक्षकाचं राज्य चालतं ते तिथे.

आता मैदान बघा. 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, म्हणजे 7,140 चौरस मीटर. गोलकीपर सोडून दहा जणांनी ते राखायचं तर एकेकाकडे 700 चौरस मीटरहून मोठा तुकडा येतो, आणि एवढी जागा कुणाच्या बापाला सांभाळता येणार नाही. म्हणून कसलेला प्रशिक्षक सगळं मैदान राखायचा नादच सोडतो. चार बचावपटूंची एक रांग, तिच्यापुढे मधल्या फळीतल्या चौघांची दुसरी, आणि पुढे दोघे. दहाही जण मिळून 30 मीटर खोल आणि 40 मीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात राहतात. आता एकेकाकडे उरले 120 चौरस मीटर. चेंडू डावीकडे सरकला की सगळा पट्टा डावीकडे सरकतो. समोरच्या संघाकडे चेंडू भरपूर राहतो, पण गोलकडे जायला फट सापडत नाही. हाताशी महागडे खेळाडू नसलेल्या प्रशिक्षकाला याहून मोठा आधार नाही, आणि जमील यांची सगळी कारकीर्द याच शिस्तीवर उभी आहे.

थोर स्ट्रायकरला प्रशिक्षकपद जड जातं, त्याचं कारण मला इथेच दिसतं. तो त्या तीन मिनिटांसाठी जन्मलेला असतो, आणि शिकवायची असतात उरलेली 87. अपवाद अर्थात आहेत, आणि त्यांतला सर्वांत अचाट माणूस रशियातला आहे, व्सेवोलोद बोब्रोव. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने अनवाणी भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. त्याच युगोस्लाव्हियाने पाच दिवसांनी सोव्हिएत संघावर 5-1 अशी आघाडी घेतली, पण कर्णधार बोब्रोवने सामन्यात एकूण तीन गोल ठोकले आणि सामना 5-5 असा सुटला. चार वर्षांनी हाच माणूस हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या हॉकीचा कर्णधार होता, आणि तिथे त्याने सुवर्णपदक जिंकलं! पुढे त्याने फुटबॉल आणि हॉकी या दोन्ही खेळांत प्रशिक्षण दिलं. 1972 मध्ये कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी झालेल्या हॉकीच्या गाजलेल्या आठ सामन्यांच्या मालिकेत सोव्हिएत संघ त्याच्याच हाताखाली होता. पहिल्याच सामन्यात त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये यजमानांना 7-3 असं हरवलं. पुढची 1973 आणि 1974 ची जगज्जेतेपदंही त्याच्याच संघाची.

जमील मात्र स्ट्रायकर नव्हते, मधल्या फळीत खेळत. जन्म कुवेतचा, 1977 चा. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि मुलगा मुंबईचा झाला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, आणि अखेर मुंबई एफसी. भारताच्या संघातही ते खेळले. दुखापतींनी पाठ सोडली नाही, तेव्हा 2009 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, बूट काढून ठेवले आणि ज्या मुंबई एफसीचे खेळाडू होते तिचेच प्रशिक्षक झाले. क्लबकडे पैसा बेताचा. दरवर्षी काम एकच, आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून संघाला खाली घसरू द्यायचं नाही. सात वर्षं त्यांनी ते नेटाने केलं. 2016 मध्ये ते क्लबमधून बाहेर पडले.

यापुढची कथा कुणी कादंबरीत लिहिली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

मिझोरामच्या ऐझॉल एफसीने 2015-16 मध्ये नऊ संघांत आठवा क्रमांक मिळवला होता. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण थेट प्रवेश मिळालेला तो संघ नियमाने सुरक्षित होता, त्यामुळे घसरला ऐझॉल. मग गोव्याच्या क्लबांनी महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन लीग सोडली आणि रिकाम्या जागेवर ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. जमील तिथे गेले. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या संघात होते, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स आणि मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना. एप्रिलमध्ये त्यांनी ऐझॉलमध्ये मोहन बागानला 1-0 असं नमवलं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध ते आधी एका गोलने मागे पडले, मग 1-1 अशी बरोबरी साधली आणि तेवढ्यावर विजेते ठरले. ऐझॉलचे गुण 37, मोहन बागानचे 36. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात तळाला जाऊन घसरलेला संघ कोणता? मुंबई एफसी.

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रं हंगामाच्या मध्यावर हाती आली, तेव्हा उरलेल्या साखळीत एकही सामना न हरता त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. भारतीय प्रशिक्षकाला हे तोवर जमलं नव्हतं. 2025 मध्ये जमशेदपूरलाही त्यांनी तिथवर नेलं, आणि मोहन बागानने भरपाई वेळेतल्या गोलने त्यांना रोखलं.

भारताच्या संघाबरोबर मात्र सगळं गोड झालेलं नाही. हिसोरचा तो सामना ज्या स्पर्धेतला होता तिच्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळाला, आनंद झाला. पण 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यात छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिल्यावरही सिंगापूरने 2-1 अशी बाजी मारली आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. क्लबमध्ये रोजच्या रोज रांगा घोटून घेता येतात. राष्ट्रीय संघाचे खेळाडू मात्र प्रशिक्षकाच्या हाती येतात ते थोडेच दिवस, आणि तेवढ्यात 87 मिनिटं शिकवणं फार अवघड आहे.

माझ्या मते या पराभवांनी जमील यांची योग्यता कमी होत नाही. ते ज्या तीन क्लबांकडून खेळले त्यांपैकी एकाचाही संघ आज देशाच्या लीगमध्ये नाही. तरीही त्या मातीतून घडलेला माणूस द्वारकेतल्या 170 अर्जांत पुढे आला.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे तिथले संघ भिडतील तेव्हा, किंवा टीव्हीवर भारताचा सामना लागेल तेव्हा, दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांच्या दोन रांगांमधलं अंतर तेवढं बघा.