विम्बल्डन: लोगो कमी, भाव जास्त

आयपीएलची मॅच लावा आणि एका ओव्हरमध्ये किती ब्रँड दिसतात ते मोजा. जर्सीची छाती, बाही, सीमारेषेची दोरी, स्टंप्स... स्ट्रॅटेजिक टाइमआउटलाही स्पॉन्सर! आता विम्बल्डनचं सेंटर कोर्ट लावा. हिरव्या भिंती, पांढरे कपडे. भल्यामोठ्या जाहिराती कुठेच नाहीत. मग इथे कंपन्या पैसे कशाचे देतात?

साधं उत्तर म्हणजे, इथे जागा विकत मिळत नाही, काम मिळतं. स्लॅझेंजर १९०२ पासून बॉल पुरवतं. रोलेक्स १९७८ पासून वेळ दाखवतं. राल्फ लॉरेन २००६ पासून अंपायर आणि बॉल बॉय-बॉल गर्ल्सना कपडे देतं. प्रत्येकाचा लोगो दिसतो, पण त्याच्या कामाच्या जागीच. घड्याळावर घड्याळवाल्याचं नाव असलं की ती जाहिरात वाटतच नाही.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला आयबीएमचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. ही कंपनी १९९० पासून विम्बल्डनसोबत आहे. तुमच्या फोनवरच्या विम्बल्डन ॲपमागे, आकडेवारीमागे तिचंच तंत्रज्ञान आहे. 'आमचं सॉफ्टवेअर भारी आहे' असं बोर्डवर लिहिण्यापेक्षा ते लाखो लोकांच्या हातात चालवून दाखवणं, हा डेमो कुठल्याही क्लायंटला पटेल.

पण क्लबला एवढा नखरा परवडतो कसा? कारण टीव्हीच्या हक्कांमधून मोठी कमाई होते. शिवाय डिबेंचर आहेत: एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पाच वर्षं सीट आपली. पैशाचे बाकीचे नळ चालू आहेत, म्हणून ब्रँडला 'नाही' म्हणता येतं. आणि 'नाही' म्हटल्यामुळे जे थोडे आत येतात, त्यांचा भाव वाढतो.

आपल्याकडे पुण्यात, बालेवाडीला, २०१८ ते २०२३ एटीपी स्पर्धा झाली. नावच 'टाटा ओपन महाराष्ट्र'. म्हणजे स्पर्धेच्या नावातच ब्रँड. यात वाईट काही नाही; नव्या स्पर्धेला पैसा लागतोच, आणि विम्बल्डनसारखी १८७७ पासूनची पुण्याई सगळ्यांकडे कुठून असणार?

काम दाखवण्यात धोकाही आहे बरं का. २०२५ मध्ये विम्बल्डनने लाइन जजेस काढून सगळे कॉल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे दिले. पावल्युचेंकोवा आणि सोनाय कार्टल यांच्या मॅचमध्ये कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. बाहेर गेलेल्या बॉलवर कॉलच आला नाही, आणि पॉइंट पुन्हा खेळवला! क्लबला माफी मागावी लागली. बोर्डवरचा लोगो कधी क्रॅश होत नाही. चालू सिस्टिम होते, तीही सगळ्या जगासमोर.

तरीही माझं मत कामाच्याच बाजूने. समजा तुमचा छोटा स्टार्टअप आहे आणि गावातल्या क्लबची टेनिस स्पर्धा स्पॉन्सर करायची आहे. आधी 'बॅनर कुठे लावू?' विचारू नका. 'तुमचं कुठलं काम अडलंय?' हे विचारा. स्कोअर फोनवर दिसत नाही? ड्रॉ अजून कागदावर निघतो? ते करून द्या, आणि खाली बारीक अक्षरात तुमचं नाव टाका. बॅनर दुसऱ्या दिवशी उतरतो. चांगलं चाललेलं काम मात्र पुढच्या वर्षी तेच लोक फोन करून मागतात.

भेटू पुढच्या भागात!