माळावरचा हिवाळी पाहुणा

सोलापूरकडे हिवाळ्यात शाळूचा हुरडा खायला शेतावरच्या वस्तीवर जाण्याची चाल आहे. तिथे संध्याकाळी माळाकडे तोंड करून स्वस्थ बसावे. पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे किंचित वर धरून, गवताच्या शेंड्यांवरून संथ तरंगणारा सडपातळ शिकारी पक्षी दिसला, तर तो बहुधा भोवत्या असतो.

भोवत्यांच्या काही जातींची वीण कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात होते. तिथे हिवाळ्यात भक्ष्य मिळत नाही, म्हणून ते हजारो किलोमीटर उडून इकडे येतात. माळावरचे नाकतोडे व टोळ हे त्यांचे आवडते खाद्य; म्हणजे शेतकऱ्याला मदतच.

रात्री मात्र हे पक्षी उंच गवतात, जमिनीवरच एकत्र झोपतात. म्हणूनच ‘पडीक’ समजून माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली, तर त्यांची निजायची जागा जाते. नान्नज परिसरातील अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी घोषित झाले. पण राखलेले गवत भोवत्यालाही आसरा देते.

विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला एकाच जागेवरून, सूर्यास्ताच्या वेळी, दुरूनच भोवत्ये मोजून तारखेसह नोंद ठेवावी. बॅटरीचा झोत टाकू नये. ते परत कधी जातात, हे त्यांच्याच वहीतून त्यांना कळेल.